समाजाच्या दारी गेलेले विद्यापीठ

मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीतून सकाळी रेल्वे स्थानकाकडे निघणाऱ्या गर्दीत महाविद्यालयीन मुली मोठ्या संख्येने असतात. चर्चगेटची लोकल पकडून त्यांतल्या काही सांताक्रूझला उतरतात, तर काही थेट शेवटच्या स्थानकापर्यंत जातात. या दोन्ही ठिकाणी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाची संकुले आहेत. मुंबईकर त्याला 'एसएनडीटी' म्हणून ओळखतो. या चार आद्याक्षरांमागे एका उदार उद्योगपतीची आई आहे, वडील आहेत आणि घराण्याचे आडनाव आहे. ज्या गृहस्थाने हे विद्यापीठ जन्माला घातले, त्याच्या नावाचे मात्र एकही अक्षर त्यात नाही. त्या गृहस्थाचे नाव धोंडो केशव कर्वे. विद्यापीठाने समाजाशी जवळचे नाते कसे जोडावे, याची चर्चा आज कुलगुरूंच्या परिषदांतून आणि धोरणांच्या मसुद्यांतून होत असते. कर्वे यांनी हा प्रश्न १९१६ मध्ये कृतीने सोडवायला घेतला होता, आणि तोही सरकारी मान्यतेवाचून.

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे झाला. घर दापोली तालुक्यातील मुरूडचे. कुटुंबाची प्रतिष्ठा पूर्वापार होती, पण परिस्थिती ओढगस्तीची. मुरूडच्या शाळेत सोमण गुरुजींनी या अबोल मुलाला सार्वजनिक कामाची गोडी लावली. गावात वर्तमानपत्र आले की देवळात जमलेल्या मंडळींना ते वाचून दाखवण्याचे काम धोंडोकडे असे. ज्याला वाचता येते त्याने न येणाऱ्याला वाचून दाखवावे, एवढाच तो साधा व्यवहार होता. पण पुढच्या साऱ्या आयुष्याचे बीज त्यात होते.

१८७५ च्या सुमारास सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्याला पायी गेला. पावसाळी दिवस, सह्याद्रीचा घाट आणि शंभराहून अधिक मैलांची वाट. तेथे पोहोचल्यावर परीक्षा समितीच्या प्रमुखांना तो सतरा वर्षांचा वाटेना. अंगकाठी लहान होती, चेहरा कोवळा होता. त्याला परीक्षेला न बसताच माघारी फिरावे लागले. पात्रता अंगी असूनही दारातूनच परत पाठवले जाण्याचा हा अनुभव कर्वे यांना कोवळ्या वयातच आला. पुढे ज्यांच्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्या स्त्रियांना तर असे दार जन्मभर बंद होते.

मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ मध्ये गणित विषय घेऊन पदवीधर झाले. त्यानंतरची काही वर्षे मुंबईत शिकवण्या आणि शाळांतील नोकऱ्या करण्यात गेली. दिवस इतके भरगच्च असत की पहाटेपासून रात्रीपर्यंत एका घरातून दुसऱ्या घरी जावे लागे. तरीही मिळकतीतला काही भाग बाजूला काढण्याचा नेम त्यांनी सोडला नाही. गावाच्या उपयोगी पडावा म्हणून त्यांनी 'मुरूड फंड' सुरू केला. शिकून शहरात गेलेल्या माणसाचे गावाशी असलेले देणे संपत नाही, ही त्यामागची भावना होती.

१८९१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात वळणाचे ठरले. पत्नी राधाबाई त्या वर्षी निवर्तल्या. त्याच वर्षी महाविद्यालयातील सहाध्यायी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यानंतरचा तो काळ होता. अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची आजीव सदस्यत्वाची बांधिलकी कर्वे यांनी पत्करली आणि १९१४ पर्यंत तेथे अध्यापन केले.

विधुर झालेल्या पुरुषाने कुमारिकेशी लग्न करणे ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. कर्वे यांनी ती नाकारली. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत असलेल्या गोदूबाई या बालविधवेशी पुनर्विवाह केला. त्या कर्वे यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या भगिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागला. मुरूडच्या ज्ञातिबांधवांनी या दांपत्यावर बहिष्कार घातला. ज्या गावाला देवळात बसून वर्तमानपत्र वाचून दाखवले, त्याच गावात आईच्या घरी उतरण्याची सोय उरली नाही. कर्वे यांनी गावाविरुद्ध कटू शब्द काढला नाही आणि आपले पाऊलही मागे घेतले नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. दोन वर्षांतच तिचे नाव विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी असे बदलण्यात आले. या नामांतरात कर्वे यांचा स्वभाव दिसतो. समाजाला ढकलण्यापेक्षा त्याच्या वाटेतला धोंडा बाजूला करणे त्यांना अधिक उपयुक्त वाटे. पुनर्विवाह मोजक्या जणींचेच होणार. बाकीच्यांनी स्वतःच्या पायांवर उभे राहायचे तर शिक्षणाला पर्याय नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम सुरू झाला. आपली शिल्लक त्यांनी त्यात घातलीच, पण आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. घरात चार मुलांचा संसार ओढणाऱ्या बायांना हे सोपे गेले नाही. 'माझे पुराण' या आत्मकथनात त्यांनी त्या दिवसांची ओढाताण आडपडदा न ठेवता मांडली आहे. संस्थापकाच्या त्यागाचा अर्धा भार घरातील स्त्रीने उचललेला असतो, याचा तो मराठीतला प्रांजळ दस्तऐवज आहे.

पुण्यात प्लेगचे थैमान सुरू झाल्यावर आश्रम शहराबाहेर हलवणे भाग पडले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले. १९०० मध्ये तेथे एक साधी झोपडी उभी राहिली. रस्ता नव्हता, पावसाळ्यात चिखल तुडवत जावे लागे. महाविद्यालयातील तास संपवून गणिताचे हे प्राध्यापक रोज संध्याकाळी वाणसामान घेऊन चार मैल चालत हिंगण्याला जात, मुलींना शिकवत आणि सकाळी पुन्हा पुण्याला परतत. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी निधी गोळा करत गावोगाव हिंडल्या. पुढे त्या अमेरिकेलाही जाऊन आल्या. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले आणि १९०८ मध्ये आजन्म सेवेचे व्रत घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी निष्काम कर्म मठ स्थापन झाला.

या काळात कर्वे यांच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. सनातन्यांना आश्रम हा पुनर्विवाहाचा कारखाना वाटे. सुधारकांना वेगळीच तक्रार होती. स्वतः पुनर्विवाह केलेल्या कर्वे यांनी आश्रमाच्या कामापासून पुनर्विवाहाचा प्रचार कटाक्षाने दूर ठेवला, हे त्यांना माघार घेतल्यासारखे भासे. कर्वे यांचा हिशेब सरळ होता. ज्या बापाला पुनर्विवाहाची धास्ती आहे, त्यानेही आपली विधवा मुलगी शिकायला पाठवावी. ती एकदा शिकली की आपला निर्णय आपण घेईल. समाजाच्या जवळ जायचे तर त्याच्या गतीने चालावे लागते, ही त्यांची भूमिका. ती गती फार मंद आहे, हा आक्षेपही तितकाच खरा होता. ही कुतरओढ त्यांच्या प्रत्येक कामात पुढेही दिसते.

१९१५ मध्ये बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी कर्वे यांना एक पुस्तिका पाठवली. टोकियोत जिंझो नारुसे यांनी १९०१ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाची माहिती तीत होती. प्रथम ती न वाचताच बाजूला पडली. त्या वर्षअखेर मुंबईत भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्वे यांच्याकडे आले, तेव्हा भाषणाच्या तयारीत पुस्तिका पुन्हा हाती लागली. डिसेंबर १९१५ मधील त्या भाषणात त्यांनी भारतीय स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. त्या वेळी त्यांचे वय ५७ होते आणि नोकरीतून ते निवृत्त झाले होते.

ही कल्पना किती धाडसाची होती, हे समजण्यासाठी तेव्हाचे चित्र पाहायला हवे. १९११ च्या जनगणनेनुसार देशातील शंभर स्त्रियांत जेमतेम एक साक्षर होती. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही १८५७ ची विद्यापीठे मुख्यत्वे परीक्षा घेण्यासाठी आणि महाविद्यालये संलग्न करण्यासाठी होती. त्यांची भाषा इंग्रजी होती आणि त्यांचा पदवीधर प्रामुख्याने सरकारी नोकरीसाठी घडवला जात होता. मुलींना तेथे प्रवेश होता. पण लहान वयात लग्न झालेल्या, इंग्रजी शाळेचे तोंड न पाहिलेल्या, घरकामातून दिवसाचे दोन तासही न मिळणाऱ्या स्त्रीला त्या प्रवेशाचा उपयोग नव्हता. कर्वे यांनी विचार उलट्या टोकाकडून केला. विद्यापीठाच्या साच्यात स्त्री बसत नसेल, तर तिच्या परिस्थितीत बसेल असे विद्यापीठ काढावे.

३ जून १९१६ रोजी विद्यापीठाच्या सिनेटची पहिली बैठक पुण्यात झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले आणि केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरू. परांजपे कर्वे यांच्या नात्यातले आणि त्यांच्याच आधाराने शिकलेले. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या पाच. त्याच वर्षी बनारस हिंदू विद्यापीठ आणि म्हैसूर विद्यापीठही सुरू झाले. पण एकामागे सरकारी कायदा आणि राजेरजवाड्यांच्या देणग्या होत्या, दुसऱ्यामागे संस्थानाचा खजिना होता. कर्वे यांच्या विद्यापीठामागे होती ती लोकांची वर्गणी.

शिक्षणाचे माध्यम मातृभाषा राहील आणि इंग्रजी हा एक विषय म्हणून शिकवला जाईल, हे या विद्यापीठाचे पहिले तत्त्व. हैदराबादेत उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले ते १९१८ मध्ये, म्हणजे त्यानंतर. मराठीबरोबर गुजराती माध्यमातील शिक्षणसंस्थाही विद्यापीठाशी जोडल्या गेल्या. महात्मा गांधींनी मातृभाषेच्या तत्त्वाचे स्वागत केले. इंग्रजी सक्तीची असावी का, याविषयी मात्र त्यांचा मतभेद राहिला. दुसरे तत्त्व अभ्यासक्रमाचे. आरोग्यशास्त्र, गृहव्यवस्था, बालसंगोपन अशा दैनंदिन जीवनातील विषयांना त्यात विद्यापीठीय दर्जा मिळाला. महाविद्यालयात येऊ न शकणाऱ्या स्त्रियांना घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभा देण्यात आली. पदवीला नावही देशी होते, 'गृहीतागमा', म्हणजे जिने विद्या आत्मसात केली आहे ती. दूरशिक्षण, मातृभाषेतून उच्च शिक्षण, जीवनाशी निगडित अभ्यासक्रम हे शब्दप्रयोग आज सवयीचे झाले आहेत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हिंगण्याच्या माळावर त्यांचा प्रत्यक्ष व्यवहार सुरू होता.

या धाडसाची किंमतही मोजावी लागली. सरकारमान्यता नसल्याने पदवीला नोकरीच्या बाजारात भाव नव्हता. ज्या पालकांना मुलीचे शिक्षण उपजीविकेचे साधन म्हणून हवे होते, ते मुंबई विद्यापीठाकडेच वळत. अभ्यासक्रमावरही आक्षेप होता. स्त्रीसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे तिला गृहिणीपदातच बांधून ठेवण्याचा सुशिक्षित मार्ग नव्हे काय, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि स्त्री-अभ्यासक आजही विचारतात. कर्वे यांच्या विचारात पत्नी आणि माता या भूमिकांना मोठे स्थान होते, हे नाकारता येत नाही. मात्र समाजाची गरज ओळखून घेतलेले शिक्षण समाजाच्या अपेक्षेपलीकडेही जाते. घरसंसारासाठी म्हणून शिकलेल्या या विद्यापीठाच्या पदवीधर स्त्रिया शाळांतून शिक्षिका झाल्या, मुख्याध्यापिका झाल्या आणि त्यांनी पुढच्या पिढीतील मुलींना शिकवले.

पैशाची विवंचना १९२० मध्ये बरीचशी दूर झाली. गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी जपानच्या प्रवासात तेथील महिला विद्यापीठ पाहिले होते. त्यांनी १५ लाख रुपयांची देणगी सरकारी रोख्यांच्या रूपाने दिली. साडेतीन टक्के दराने तिचे वार्षिक व्याज ५२,५०० रुपये होत असे. विद्यापीठाला त्यांच्या आईचे नाव देण्यात आले. स्वतःच्या नावाचा प्रश्न कर्वे यांच्या मनात कधी उद्भवलाच नाही. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य कार्यालय पुण्याहून मुंबईला आले.

मोठी देणगी मिळाल्यावरही कर्वे यांनी झोळी खाली ठेवली नाही. १९२९ च्या मार्चमध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, ते परदेशाला निघाले. इंग्लंड, युरोप, अमेरिका आणि जपान असा प्रवास करून ते १९३० मध्ये परतले. ठिकठिकाणच्या शिक्षणपरिषदांत त्यांनी भारतातील स्त्रीशिक्षणाच्या प्रयोगाची माहिती दिली. ज्या टोकियोच्या विद्यापीठाची पुस्तिका वाचून हे सारे सुरू झाले, त्या जपानलाही त्यांचे पाय लागले. परतल्यावर लगेच त्याच वर्षी ते आफ्रिकेला गेले आणि तेथील भारतीयांत सव्वा वर्ष हिंडले. या भ्रमंतीत वर्गणीइतकेच महत्त्व संपर्काला होते. वर्षाला दोन-चार रुपये देणारा कारकून आणि दूरदेशीचा दुकानदार यांनाही विद्यापीठ आपले वाटावे, अशी त्यांची धडपड असे. वर्गणीदारांनी निवडून दिलेले प्रतिनिधी सिनेटवर घेण्याची तरतूद त्यांनी आरंभीच केली होती. विद्यापीठ समाजाच्या पैशावर चालत असेल, तर त्याने समाजाला हिशेब दिला पाहिजे, असे ते मानत.

वयाच्या ७८ व्या वर्षी, १९३६ मध्ये, विद्यापीठ मार्गी लागल्यावर त्यांनी आपले लक्ष पुन्हा खेड्याकडे वळवले. ज्या गावांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती, तेथे शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ त्यांनी स्थापन केले. त्यांचे निवृत्तिवेतन दरमहा ७० रुपये होते. त्यातले १५ रुपये ते या मंडळाला देत. विद्यापीठाचा संस्थापक उतारवयात प्राथमिक शाळेकडे परतला, यात विसंगती नव्हती. पाया नसलेल्या इमारतीचा कळस किती काळ टिकणार, हे गणिताच्या प्राध्यापकाला वेगळे सांगायला नको होते. १९४४ मध्ये त्यांनी जातिभेद निवारण्यासाठी समता संघ स्थापन केला.

त्यांच्या घरातही विद्या आणि समाज यांचा संवाद चालूच राहिला. थोरले चिरंजीव रघुनाथ यांनी संततिनियमनाचा प्रचार करताना विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी गमावली आणि 'समाजस्वास्थ्य' मासिक एकहाती चालवले. दिनकर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी इरावती कर्वे यांनी समाजाचाच शास्त्रीय अभ्यास केला. बाया १९५० मध्ये निवर्तल्या.

मान्यता आली, ती उशिरा. १९४९ चा कायदा होऊन १९५१ मध्ये विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळाला. सर विठ्ठलदासांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी त्यानंतरच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. ज्या पदवीला सरकारदरबारी मोल नव्हते, तिला ते मिळायला ३५ वर्षे लागली. कर्वे यांना १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण होत असताना, भारतरत्न मिळाले. १९५७ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. हेच विद्यापीठ त्यांना १८८४ मध्ये गणिताची पदवी देऊन मोकळे झाले होते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांची संख्या वाढली. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली आणि विद्यार्थी श्रमदानासाठी खेड्यात जाऊ लागले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मातृभाषेतील उच्च शिक्षणाचा पुरस्कार केला. ही सारी पावले स्वागतार्ह आहेत. तथापि वर्षातून सात दिवसांचे शिबिर हे समाजाला भेट देणे झाले. समाजात नांदणे त्याहून निराळे असते. कर्वे यांच्या उदाहरणात विद्यापीठाची भाषा, विषय, परीक्षेची पद्धत आणि कारभारातील प्रतिनिधित्व या चारही गोष्टी समाजाकडे पाहून ठरवलेल्या होत्या. या गोष्टी जशाच्या तशा ठेवून केवळ उपक्रमांची भर घातली, तर विद्यापीठ आणि वस्ती यांतले अंतर कमी होत नाही.

मुंबईच्या उत्तरेला वाढलेल्या मीरा-भाईंदरसारख्या शहरांत हा प्रश्न रोजच्या जगण्याचा आहे. नोकरी सांभाळून शिकू पाहणारी मुलगी, लग्नामुळे शिक्षण अर्धवट राहिलेली गृहिणी, मुलांना शाळेत पोहोचवल्यावर दुपारचे तीन तास हाताशी असलेली आई यांना लोकलच्या गर्दीतून विद्यापीठापर्यंत जाणे सहजासहजी जमत नाही. हिंगण्याची चार मैलांची चिखलवाट कर्वे यांनी स्वतः तुडवली, कारण आश्रमातील मुलींना रोज पुण्यात येता येणार नव्हते. आज पूनम सागर ते चर्चगेट हे अंतर कोणी तोडायचे, विद्यार्थिनीने की विद्यापीठाने, याचे उत्तर त्या वाटेवर केव्हाच देऊन झाले आहे.